मदत हवी आहे: स्वमग्न मुलासाठी आठवीची शाळा (कोपरखैरणे ते ठाणे)

नमस्कार मंडळी. मुलगा १३ वर्षांचा, ऑटिस्टिक. सध्याची मराठी शाळा सातवीपर्यंतच आहे, त्यामुळे जूनपासून नवी शाळा बघायची आहे. राहायला कोपरखैरणे. घणसोली, ऐरोली, वाशी चालेल. ठाणंही चालेल, कारण सकाळी ट्रान्स हार्बर लोकलची गर्दी उलट्या दिशेला असते.

बोलतो, पण गरजेपुरतं. सनावळ्या तोंडपाठ, ‘कारणे लिहा’ आलं की पेन खाली. गणित पाचवीच्या आसपास. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) सगळं आहे.

अभ्यासाचं मी घरी बघून घेईन. धास्ती आहे ती मधल्या सुट्टीची. आत्तापर्यंत बराचसा दिवस एकच बाई आणि एकच बाक होता. आठवीत दर तासाला नवे सर, मध्येच प्रयोगशाळा, पीटीची रांग आणि कर्कश घंटा. शाळा बघायला गेलं की स्मार्ट बोर्ड कौतुकाने दाखवतात. सुट्टीत मजल्यावर कोण असतं विचारलं की विषय बदलतो. एका ठिकाणी तर ‘शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्यासोबत बसणारी मदतनीस) तुम्ही आणा, पगारही तुमचा, मग बघू’ असं तोंडावर सांगितलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव करता येत नाही, हे मलाही माहीत आहे. पण भांडून प्रवेश मिळवायचा आणि मग त्याच लोकांच्या हाती पोर सोपवायचं, याला मन धजत नाही.

घराजवळ एक सेमी इंग्रजी शाळा आहे. वर्गात खच्चून मुलं, विशेष शिक्षक नाही. पण त्याच्या वर्गातली काही मुलं तिथेच जाणार आहेत आणि मुख्याध्यापिका आधी त्याच्याशी बोलल्या, मग माझ्याशी. माझा कल तिकडेच आहे. दुसरी सीबीएसई, रिसोर्स रूम (अशा मुलांना वेगळी मदत मिळते ती खोली) आहे, पण एकदम सगळं इंग्रजीत. तिसरा मार्ग एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, घरी अभ्यास करून परीक्षा: दहावीला पाच विषय, त्यात चित्रकला घेता येते, पाच वर्षांत नऊ संधी. सासूबाई म्हणतात, ‘पोराला घरी बसवू नका.’ अगदीच चूक नाही त्यांचं. परीक्षेची सोय झाली तरी रोजची सोबत कुठून आणायची?

सेमीत मुलं घातलेल्यांनी सांगा: जादा वेळ, लेखनिक या सवलती घटक चाचणीतही देतात, की थेट दहावीलाच? आणि वाशीच्या ईटीसी या दिव्यांग मुलांच्या केंद्राचा किंवा ठाण्याच्या जिद्द या विशेष शाळेचा कुणाला अनुभव?

प्रतिसाद: माझी लेक नववीत, एसएससी, ठाणे. घटक चाचणीपासूनच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बोर्डाच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, तेव्हा कागद लवकर तयार असलेले बरे. विभागीय मंडळ वाशीलाच आहे, अडलं तर तुम्हाला जवळ. प्रवेशाआधी एक दिवस त्याला वर्गात बसवून बघायची परवानगी मागा, मधल्या सुट्टीसकट. आमच्याकडे सुट्टीत ग्रंथालयात बसायची मुभा आहे, सोबत वर्गातली एक मैत्रीण.

धागाकर्ती: खूप आभार ताई. ग्रंथालयाचं आजवर सुचलंच नव्हतं, उद्याच विचारते. ती मैत्रीण बाईंनी नेमून दिली, की आपणहून जायला लागली? आमच्याकडे नेमलेली सोबत आठवडाभरात कंटाळते.