बातमीतून स्वयंपाकघरात आलेले शब्द

भाकरवडी:
सासूबाई परवा शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "भांडी घासायची वेळ झाली की हा बरोबर नॉट रिचेबल होतो." हा म्हणजे त्यांचा मुलगा. तो तेव्हा गॅलरीतच उभा होता, फोनही हातात आणि चालू. काकूंना अर्थ विचारावा लागला नाही.

बातम्यांमधून असे घरात शिरलेले शब्द गोळा करू या का? आणि घरात आल्यावर त्यांचा अर्थ किती हलतो तेही बघू. माझ्याकडून सुरुवातीला तीन: नॉट रिचेबल, मेगाब्लॉक, खातेवाटप (दिवाळीच्या साफसफाईत माळा कोणाकडे, पंखे कोणाकडे).

ठाणा स्लो:
नॉट रिचेबलमध्ये गंमत क्रियापदाची आहे. "फोन नॉट रिचेबल आहे" म्हटलं की दोष नेटवर्कचा. "आमदार नॉट रिचेबल झाले" म्हटलं की ती त्यांची करणी. २०१९ आणि २०२२ मध्ये वाहिन्यांनी हे 'झाले' इतकं दळलं की आता 'होणे' लावलं की हेतू आलाच. सासूबाईंनी 'होतो' म्हटलंय, 'असतो' नाही. आरोप गंभीर आहे.

मेगाब्लॉक मात्र लोक ढिलाईने वापरतात. तो आधी जाहीर होतो, वेळापत्रकासकट. मुलगा न सांगता तासभर बाथरूम अडवून बसला तर तो मेगाब्लॉक नव्हे, ती ओव्हरहेड वायर तुटली. शिवाय मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक, पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक. त्यामुळे आमच्या बोरिवलीच्या मावशीकडे बाथरूमला जम्बो ब्लॉक असतो. (नसतो. तीही मेगाच म्हणते. पण असायला हवा.)

अर्धा चहा:
'पहाटेचा शपथविधी' राहिला की! आमच्या ऑफिसात कुणी गुपचूप राजीनामा देऊन दुसरीकडे रुजू झालं की हाच शब्द. आमच्या ओळखीतलं एक रजिस्टर लग्नही याच नावाने ओळखलं जातं.

पण शब्दाला धरून विचारते, ती पहाट होती का? २३ नोव्हेंबर २०१९ ला राजभवनात शपथ झाली सकाळी आठच्या सुमारास. नोव्हेंबरात मुंबईत सूर्य सातच्या आत उगवतो. आठ वाजता आमच्याकडे दुसरा चहा होतो, त्याला पहाट कोण म्हणतं?

ठाणा स्लो:
पहाट होती, पण शपथेची नव्हे. राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना निघाली ५ वाजून ४७ मिनिटांनी. ती अस्सल पहाट. लोकांनी अधिसूचनेची वेळ शपथविधीला चिकटवली. आणि बरोबरच केलं. 'सकाळचा शपथविधी' म्हटलं तर त्यात काय आहे? सकाळी दूधवालाही येतो. पहाटे जे होतं ते एक तर काकडआरती, नाही तर कुणाला न सांगता केलेलं काम. २६ तारखेला राजीनामेही झाले, म्हणून शब्दाला 'औटघटकेचा' अशी दुसरी छटाही चिकटली. ऑफिसातला तो माणूस नव्या नोकरीत टिकला असेल तर तुम्ही शब्द अर्धाच वापरताय.

सांगोलेकर:
"काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, समदं ओक्केमधी हाय." जून २०२२, गुवाहाटी, आमचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील, फोनवर. शहरात लोक बोलीला हसले. आम्ही वेगळ्या गोष्टीला हसलो. दुष्काळी तालुका आमचा, डाळिंबावर जगणारा. इथल्या माणसाला परमुलखात हाटीलाआधी झाडीच दिसणार! राजकारण राहिलं बाजूला, वाक्याचा क्रमच सांगतो माणूस कुठला ते.

आता व्याकरण बघा. 'ओके हाय' नाही, 'ओक्केमधी हाय'. पुष्कळांना ते चुकीचं वाटतं. पण आपण 'मजेत आहे' म्हणतोच ना, मजा अधिक त. 'आनंदात', 'सुखात', 'मस्तीत', सगळ्या सप्तम्याच. मराठीत माणूस बरा असला की कशाच्या तरी आत असतो. इंग्रजी शब्दाला मराठी साच्यात बसवलं, एवढंच.

वापर: लग्नाच्या पंगतीत "काय मांडव, काय मठ्ठा". शेवटचं वाक्य म्हणावंच लागत नाही. मठ्ठा पातळ असला तर मुद्दाम म्हणतात.

भाकरवडी:
सांगोलेकर, 'मजेत'चा मुद्दा फारच आवडला.

'लाडकी' पण घ्या. २०२४ च्या योजनेनंतर हे विशेषण न राहता उपसर्ग झालंय. लाडका जावई, लाडकी सून, सोसायटीत लाडका प्लंबर. आणि 'दोडकी' हा आज्यांचा शब्द यानिमित्ताने परत आला. अर्ज बाद झालेल्या एक ताई भाजीच्या गाडीवर म्हणाल्या, "मला दोडकीच द्या, पाव किलो." भाजीवाल्याला कळलं, त्याने चार मिरच्या वर टाकल्या.

अर्धा चहा:
उलटी वाट पण आहे, घरातून बातमीत गेलेली. १९७२ च्या आसपास महागाईविरुद्ध बायका लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे होत्या. 'लाटणे मोर्चा' हा शब्द तेव्हाचा. माझी आई अजून आजोबांना धमकी देते, "मोर्चा काढू का?" आणि हातात लाटणंच असतं.

नोटरी:
'चारसोबीस'बद्दल कोणी बोललं नाही? १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं जुनं ४२० आता ३१८ चं पोटकलम ४ झालंय. नव्या संहितेत कलमंच ३५८, म्हणजे ४२० नंबरचं कलमच उरलं नाही. "पक्का तीनशेअठरा-चार आहे तो" म्हणून बघा, शिवी जिभेवरच अडखळते.

ठाणा स्लो:
मग चारसोबीस मेला म्हणायचा का?

नोटरी:
नाही हो. १ जुलै २०२४ च्या आधी केलेल्या फसवणुकीचे खटले जुन्याच कलमाखाली चालतात. आणि आपल्याकडे खटले किती वर्षं चालतात हे तुम्हाला सांगायला नको. तोवर शब्द वापरा बिनधास्त.