एकाच घरात वाढलेल्यांचं प्रेम : 'वदरिंग हाइट्स'नंतर काय वाचू, काय पाहू?

सायली_व
एमिली ब्राँटेचं 'वदरिंग हाइट्स' (१८४७) परवाच संपवलं. त्यात कॅथरीन आणि हीथक्लिफचं प्रेम आहे. हीथक्लिफ म्हणजे कॅथरीनच्या वडिलांनी, अर्नशॉंनी, लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेलं पोर. पण त्याला नाव दिलं ते त्यांच्याच वारलेल्या मुलाचं! म्हणजे तो आला तोच कॅथरीनच्या भावाच्या जागी. हे लक्षात आल्यापासून मला ती नुसती गरीब-श्रीमंत प्रेमकथा वाटतच नाही. हे अवघडलेपण न झाकणारा चित्रपट कोणता? आणि अशीच दुसरी गॉथिक (म्हणजे गूढ, भयाची छाया असलेली) कादंबरी असेल तर सांगा.

रानवारा
अँड्रिया अर्नल्डचा २०११चा बघच. दोघांच्या लहानपणाला त्यात भरपूर वेळ दिलाय. संवाद मोजके, वारा, चिखल, पाऊस. एका घरात वाढणं म्हणजे काय ते अंगावर येतं. मात्र दुसरी पिढी, म्हणजे त्यांच्या मुलांची गोष्ट, नाही. ती हवी असेल तर १९९२चा. ज्युलिएट बिनोशच कॅथरीन आणि तिची मुलगी दोन्ही झालीय. १९३९चा गाजलेला चित्रपट (त्यातली मर्ल ओबेरॉन मुंबईत जन्मलेली) कॅथरीनच्या मृत्यूपाशीच आटोपतो, अर्धी कादंबरी गेली. मला तो फार गुळगुळीत वाटतो.

जुनी_पानं
हिंदीत 'दिल दिया दर्द लिया' (१९६६) आहे. दिलीपकुमार, वहिदा. पण तुला हवं ते त्यात फारसं नाही.
कादंबरी म्हणशील तर 'फ्रँकेन्स्टाइन'. राक्षसाच्या नादात एलिझाबेथकडे कुणी बघतच नाही. १८१८च्या आवृत्तीत ती, राक्षस घडवणाऱ्या व्हिक्टरची आतेबहीण, आणि त्याच्याच घरात वाढलेली. १८३१मध्ये मेरी शेलीने रक्ताचं नातं काढून टाकलं आणि तिला कोमो सरोवराकाठी सापडलेली पोरकी मुलगी केलं. तरी पेच सुटत नाही. मरताना व्हिक्टरची आई दोघांचे हात एकमेकांच्या हातात देते, आणि पुढे वडीलच व्हिक्टरला विचारतात, तू तिला बहीण तर मानत नाहीस ना? मला तो प्रश्न अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात अस्वस्थ करणारा वाटतो. घरच्यांनीच बहीण म्हणून वाढवायचं आणि बायको म्हणून राखून ठेवायचं!

सायली_व
हे माहीतच नव्हतं. आधी २०११चा बघते, मग 'फ्रँकेन्स्टाइन'. पण आवृत्ती कोणती आहे हे दुकानात ओळखायचं कसं?

जुनी_पानं
पहिलं प्रकरण चाळ. एलिझाबेथ आत्याची मुलगी असेल तर १८१८ची, कोमोची पोरकी असेल तर १८३१ची. तुझ्या प्रश्नासाठी १८३१चीच घे.