क्लायंट एआयची चित्रं घेऊन येतात, आता आपण नेमकं काय विकायचं? (बडोदा, छोटा स्टुडिओ)

रावपुरा_रेघ

नमस्कार मंडळी. बडोद्यात इंटिरियर आणि फर्निचरचं छोटं काम आहे माझं, मी, एक ड्राफ्ट्समन आणि नुकतीच जॉइन झालेली एक मुलगी, बस एवढाच स्टाफ. हल्ली झालंय असं की क्लायंट फोनमध्ये एआयने काढलेले फोटो घेऊनच येतात आणि म्हणतात "असंच पाहिजे". पूर्वी थ्रीडी व्ह्यू दाखवला की अर्धं काम तिथेच पटायचं, आता तो व्ह्यू त्यांचा आठवीतला मुलगा जेवताजेवता काढून देतो. आणि इकडे ही नवीन मुलगी म्हणते की सर आपण आधी रिसर्च करू, घरी जाऊन बघत बसू, व्हिडिओ घेऊ, खोली फोनने स्कॅन करू, व्हीआर (डोळ्यांवर खोकं लावून दिसणारी आभासी खोली) दाखवू. ऐकायला छान वाटतं पण या सगळ्याचे पैसे कोण देणार?

सध्याचं काम सांगतो म्हणजे कळेल. दांडियाबाजारातला जुना वाडा, तळमजला, आजी-आजोबा दोघंच राहतात, मुलगा पुण्यात, पैसे तो देणार. स्वयंपाकघर आणि त्याला लागून बाथरूम करायचंय. मुलाने जे चित्र पाठवलंय त्यात मधोमध आयलंड (चारही बाजूंनी मोकळा ओटा) आहे, वर तांब्याची चिमणी, मागे भली मोठी काचेची खिडकी. खोली आहे ९ बाय ११ फूट आणि खिडकी उघडते ती शेजारच्यांच्या भिंतीवर. आजींना काय पाहिजे हे अजून कोणी विचारलेलं नाहीये. तर यातलं नवीन काय काय खरंच कामाचं आणि काय नुसता देखावा, ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा.

मकरपुरा_फॅब

रेघभाऊ, स्कॅनचं मी सांगू शकतो कारण आमच्याकडे जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) रोज कोणीतरी स्कॅन घेऊन येतं आणि म्हणतं यावरून कापून द्या. २०२० पासून आयफोनच्या प्रो मॉडेलमध्ये लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) येतो, साधारण पाच मीटरपर्यंत चालतो आणि वाड्यासारख्या ठिकाणी तो सोन्यासारखा आहे कारण वाड्यात एक भिंत सरळ सापडली तर शपथ. कोनाडे, तुळया, लाकडी खांब, ओळंब्यात नसलेल्या भिंती, हे सगळं टेपने मोजायला अख्खा दिवस जातो, स्कॅनमध्ये दहा मिनिटांत खोलीचा आकार हातात येतो. पण तो आकार असतो, माप नव्हे! सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इकडे तिकडे सहज होतं, आरसा, काच, चकचकीत टाइल आली की तर विचारूच नका, भिंतीच्या पलीकडे खोली दाखवतो. आणि मिस्त्रीला लागतं दोन मिलिमीटरच्या आतलं. म्हणून स्कॅनवर ड्रॉइंग बेतायचं आणि जिथे कॅबिनेट भिंतीला टेकणार तिथली मापं लेझर मीटरने परत घ्यायची, वर-मध्ये-खाली तीन ठिकाणी. ती मापं बरोबर असली की मग सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) ८ बाय ४ च्या प्लायमध्ये सगळे भाग कॉम्प्युटरच बसवतो, वेस्टेज बरंच कमी होतं, ते मात्र क्लायंटला दाखवण्यासारखं आहे.

थ्रीडी प्रिंटिंगचं पण बोलतो. त्यातल्या वितळलेल्या प्लास्टिकचे थर रचायच्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ ला संपलं त्यानंतर मशिनं स्वस्त झाली, आता चांगलं मशीन म्हणजे काही मोठी गोष्ट राहिली नाही. पण शेवटचा पार्ट पीएलएमध्ये (प्रिंटरला नेहमी वापरतात ते प्लास्टिक) देऊ नका कोणाला, ते ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बडोद्यात उन्हात उभ्या गाडीत नॉब ठेवला तर संध्याकाळी त्याची चकली होते. प्रिंट वापरायचा तो हातात देऊन बघायला. आजींच्या बाथरूमला आधाराचा दांडा लावणार असाल ने, तर ३२, ३६ आणि ४० मिलिमीटरचे तीन तुकडे छापून द्या त्यांच्या हातात, कुठला मुठीत नीट बसतो ते त्याच सांगतील. मग फायनल स्टीलमध्ये करा.

रावपुरा_रेघ

दांड्याचं डोक्यातच नव्हतं आलं, मस्त. ड्रॉवरचे नॉब संखेड्याहून (बडोद्याजवळचं लाखेच्या फर्निचरचं गाव) सागवानी करून घ्यावे असं चाललंय मनात, आजींचा पाळणा पण संखेड्याचाच आहे.

मकरपुरा_फॅब

करा की, तिथे लेथवर फिरत्या लाकडाला लाख दाबून धरतात, घासून गरम होते आणि तशीच पसरते, तो चकाकीपणा प्रिंटमध्ये सात जन्मात येणार नाही. फक्त ओल्या हाताला ते गुळगुळीत लागतं म्हणून सिंकखालच्या ड्रॉवरला नको. आणि कारागिराला प्रिंट केलेला नमुनाच द्या, ड्रॉइंग नको, नमुना हातात घेऊन तो बरोबर तसाच उतरवतो.

अल्कापुरी_यूएक्स

मी सॉफ्टवेअरवाली आहे, फर्निचरमधलं फारसं कळत नाही पण रिसर्चवरच पोट आहे म्हणून लिहितेय.

तुमची ती मुलगी बरोबर बोलतेय दादा, तिला गप्प करू नका. आमच्याकडे पूर्वी रिसर्च म्हणजे मोठ्या कंपन्यांची चैन समजायचे. मग १९९३ मध्ये नील्सन आणि लँडाउअर या दोन संशोधकांनी हिशोब मांडला की एक माणूस वापरताना बघितला तर सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, आणि त्यावरून पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास पोचता. त्या पाचाच्या आकड्यावर आजही भांडणं होतात, सगळीकडे तो लागू होत नाही, पण त्याने छोट्या टीमची भीती गेली हे खरं. तुमच्याकडे तर वापरणारे दोनच आहेत! म्हणजे तुम्ही सगळ्याच्या सगळ्या युजरना भेटू शकता, आम्हाला असं भाग्य कधी मिळत नाही.

आता एक नवीन फॅड आलंय त्यापासून जपा. चॅटबॉटला सांगायचं की तू ७२ वर्षांची बडोद्याची आजी आहेस आणि मग त्याचीच मुलाखत घ्यायची. मी करून बघितलंय, उत्तरं इतकी गोड येतात की काय सांगू, सगळ्याला हो, सगळ्याचं कौतुक आणि वर "सुरक्षितता आणि सोय माझ्यासाठी महत्त्वाची". कुठली आजी असं बोलते? खरी आजी म्हणेल की तो वरचा डबा मला नकोच, त्यात काय ठेवलंय ते मला दिवाळीपर्यंत आठवत नाही. ह्या एका वाक्यावर अख्खी वरची कपाटं रद्द होतात. बॉटचा उपयोग एवढाच की काय काय विचारायचं त्याची यादी आधी त्याच्याकडून काढून घ्या, राहून गेलेला एखादा मुद्दा आठवतो.

रेकॉर्डिंग आपोआप लिहून देणारी टुल्स पण वापरते मी, वेळ वाचतो खूप. पण आपलं बडोद्याचं बोलणं, अर्धं वाक्य मराठीत, मध्येच गुजराती "पछी" आणि "बराबर छे", ते त्याला झेपत नाही. एका आजोबांच्या मुलाखतीत "पाणियारं" (पाण्याची भांडी ठेवायची जागा) चं त्याने जे केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणून एकदा स्वतः ऐकून दुरुस्त करायचंच. आणि रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या, २०२३ चा डेटाचा कायदा आहेच पण तो नसता तरी कोणाच्या स्वयंपाकघरात न विचारता कॅमेरा लावणं बरं दिसत नाही.

कमाटीबाग_काका

सगळं वाचलं. मी अप्लाइड आर्टवाला, रॉटरिंग पेन आणि ब्रोमाइडच्या काळातला, तेव्हा माझं म्हणणं जुनाट वाटलं तर सोडून द्या.

रिसर्च म्हणजे काल आलेली गोष्ट असं जे तुम्ही पोरं बोलता ते काही खरं नाही. मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की नावाची आर्किटेक्ट होती, तिने १९२६ साली फ्रँकफर्टच्या सरकारी घरांसाठी स्वयंपाकघर बेतलं, घड्याळ लावून, बाईची किती पावलं कुठे जातात ते मोजून. आगगाडीच्या डायनिंग कारमधलं किचन बघून तिने ते आवळलं होतं. १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे रेघे तुझ्या खोलीपेक्षा लहान! आणि अशी दहा हजारांच्या आसपास बांधली गेली. तेव्हा लायडार नव्हता आणि काही नव्हतं. गंमत म्हणजे लोकांच्या तक्रारी पण आल्या, की एकाच बाईपुरती जागा आहे, दुसरं कोणी आत आलं की धक्के लागतात. म्हणजे पावलं मोजली पण आई आणि मुलगी बरोबर काम करतात हे सुटलं. मोजणाऱ्याने काय मोजायचं ठरवलं तेवढंच मोजलं जातं, मग मोजणारी पट्टी असो की तुमचा कॅमेरा.

आणि एआयच्या चित्रांबद्दल, त्यात देवनागरी पाटी काढायला सांगा एकदा. जोडाक्षरांची जी काय दशा होते ती बघून मला तरी झोप लागते शांत, आपला धंदा अजून काही वर्षं आहे म्हणून.

पोळ_नं_चार

काका 😄 आता नवीन मॉडेल बऱ्यापैकी लिहितात हो, झोप उडेल तुमची.

मी अर्गोनॉमिक्समध्ये (शरीराला सोयीचं काम आणि जागा कशी बेतायची त्याचा अभ्यास) मास्टर्स करतेय, रेघकाका तुमचं काम वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. तुम्हाला एक अगदी स्वस्तातली पद्धत सांगते. फोनवरचा साधा व्हिडिओ घ्यायचा, बाजूने, आजी रोजचा स्वयंपाक करताना. तो मीडियापाइपसारख्या फुकट सॉफ्टवेअर लायब्ररीत टाकला की खांदा, कोपर, मनगट, कंबर असे शरीराचे ३३ बिंदू ओळखून देते, त्यावरून सांध्यांचे कोन निघतात. मग रूला म्हणून शरीरावरचा ताण मोजायची १९९३ ची एक पद्धत आहे, त्यात त्या कोनांवरून १ ते ७ मध्ये गुण देतात, ७ म्हणजे लगेच बदला. उदाहरणार्थ दंड २० ते ४५ अंश पुढे उचललेला असेल तर २ गुण, ४५ ते ९० असेल तर ३. हेच आधी माणूस बसून एकेक फ्रेम थांबवून कोनमापकाने करायचा, आता एका दुपारीत होतं. कॅमेरा तिरका असेल तर कोन चुकतात एवढं सांभाळा, आणि साडीच्या पदरामुळे कोपर कधीकधी हरवतं.

आता यात दिसतं काय ते ऐका. सगळीकडे ओटा एकाच उंचीचा, ३४ इंच आणि हल्ली परदेशी कॅटलॉग बघून ३६. आपल्या बायकांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, कोपर येतं साधारण ३७ इंचांवर, आणि कापायचं-चिरायचं काम कोपराच्या तीन-चार इंच खाली बरं पडतं. म्हणजे ३४ पर्यंत ठीक आहे. पण त्या चित्रातला हॉब ओट्यात बुडवलेला असतो आणि आपली शेगडी ओट्यावर ठेवलेली असते! चार-पाच इंच ती, त्यावर कुकर किंवा कढई, म्हणजे ढवळताना हात छातीच्या वर. आजी पुरणपोळीचं पुरण अर्धा तास आटवतात तेव्हा खांद्याचं काय होतं ते व्हिडिओत लगेच कळतं. म्हणून शेगडीच्या जागी ओटा २९-३० वर उतरवायचा आणि बाकीचा वर ठेवायचा. हे कुठल्याच एआयच्या चित्रात येत नाही कारण ज्या फोटोंवरून ते शिकलंय त्यात सगळे ओटे एका रेषेत. भारतीयांची शरीरमापं एनआयडीने (अहमदाबादच्या डिझाइन संस्थेने) १९९७ मध्येच छापलीयेत, पण सॉफ्टवेअरमध्ये जी रेडीमेड कॅबिनेटं मिळतात ती कोण बदलतं?

व्हीआर मात्र वयस्कर लोकांना नको. चक्कर येते आणि डोळ्यावर खोकं घालून त्या काही बोलत नाहीत, घाबरून "छान आहे" म्हणतात. त्यापेक्षा पुठ्ठ्याची खोकी रचून खऱ्या उंचीचा ओटा उभा करा आणि त्यावर त्यांचीच शेगडी ठेवा, गॅस न लावता.

रावपुरा_रेघ

वा, हे शेगडीचं डोक्यातून जाणार नाही आता. आज दुपारी त्या मुलीला घेऊन वाड्यात जाऊन आलो. आजींनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की मला उभ्याने भाकरी थापता येत नाही, मी खाली बसूनच थापते. म्हणजे आयलंड गेलं उडत, तिथे मोकळी फरशी आणि भिंतीला धरून उठायला दांडा पाहिजे. पुण्याच्या मुलाला हे पटवायचं कसं आणि बिल कसं लावायचं एवढं सांगा कोणीतरी.

अल्कापुरी_यूएक्स

मुलाला रिपोर्ट पाठवू नका, कोणी वाचत नाही. आजी खालून उठतानाची वीस सेकंदांची क्लिप पाठवा, त्यांना विचारून. आणि त्याच एआयकडून त्याच खोलीचं चित्र करून घ्या, स्कॅन खाली देऊन, दोन उंचीचा ओटा आणि मोकळी फरशी घालून. त्याला चित्रच आवडतात ने, मग चित्रच द्या, फक्त खरं. बिलात अभ्यासाची वेगळी ओळ टाका, डिझाइन फीमध्ये लपवू नका, लपवलंत की पहिल्यांदा तीच कापायला सांगतात.

मकरपुरा_फॅब

आणि ती ओळ परत न मिळणारी ठेवा. म्हणजे काम तुम्हाला दिलं नाही तरी मोजमाप, स्कॅन आणि व्हिडिओवरून काढलेला निष्कर्ष ह्याचे पैसे झाले. आमचा एक आर्किटेक्ट तसंच करतो, काम मिळालं तर तेवढी रक्कम फीमधून वजा देतो, लोक कुरकुरतात पण देतात. जीएसटी १८ टक्के त्यावर पण लागेल जर तुमचं रजिस्ट्रेशन असेल तर, आधीच सांगून टाका.

कमाटीबाग_काका

सगळं केलंत पण सिलेंडर कुठे ठेवणार ते कोणीच बोललं नाही. वाड्यात पाइपचा गॅस आलाय का?

रावपुरा_रेघ

आलाय काका, पण मीटर नेमका त्या कोनाड्यात आहे जिथे मी फ्रिज बसवला होता. उद्या परत टेप घेऊन जातो.