शब्दचर्चा : विकरांना हायड्रोजन पेरॉक्साइडची ‘मात्रा’, ‘भरण’ की ‘पुरवठा’?

प्रश्न : पेरॉक्सिजनेज विकरांवर (म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून इतर रेणूंत ऑक्सिजन घालणाऱ्या एन्झाइमांवर) चालणाऱ्या औद्योगिक प्रक्रियांविषयी लिहिताना हायड्रोजन पेरॉक्साइड देण्याच्या क्रियेला काय म्हणावे? ‘मात्रा’, ‘भरण’ आणि ‘पुरवठा’ हे शब्द लेखक एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात.

पहिले उत्तर : ‘मात्रा’ म्हटले की मोजून एका वेळी द्यायचा अंश डोळ्यांसमोर येतो. ठरावीक अंतराने ठरावीक मिलिलिटर द्रावण टाकले जात असेल, तर तो शब्द चपखल आहे; पंपाने तासन्‌तास सोडल्या जाणाऱ्या बारीक धारेला ‘संथ भरण’ म्हणावे. हा शब्दांचा कीस वाटेल, परंतु प्रक्रियेचे यश याच भेदावर ठरते. पेरॉक्साइड हे या विकराचे ऑक्सिडीकारकही आहे आणि मारकही. त्याचे प्रमाण वाढले की विकराच्या गाभ्यातील हीम (प्रत्यक्ष काम करणारा लोहयुक्त भाग) मोडते, म्हणून पेरॉक्साइड जितक्या वेगाने वापरले जाते त्याहून अधिक वेगाने सोडता येत नाही. शिवाय पात्रातील त्याची सरासरी संहती (द्रावणातील प्रमाण) कमी असली, तरी नळीच्या तोंडाशी ती क्षणभर कितीतरी जास्त असते आणि तेवढ्यात तेथून जाणारे विकराचे रेणू बाद होऊ शकतात. मोठ्या पात्रात द्रव मिसळण्यास अधिक वेळ लागत असल्यामुळे नळीचे तोंड ढवळणीच्या पात्यांजवळ, द्रवाच्या पृष्ठाखाली ठेवणे बरे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण येथे उलटी वाचावी लागते : तळे साचता कामा नये.

दुसरे उत्तर : भेद मान्य आहे, पण पेरॉक्साइड बाहेरून दिलेच जात नाही, तेव्हा हे दोन्ही शब्द अपुरे पडतात. ग्लुकोज ऑक्सिडेज हे दुसरे विकर त्याच पात्रात ठेवले, तर ग्लुकोज आणि विरघळलेला ऑक्सिजन यांपासून पेरॉक्साइड हळूहळू तयार होते. सोबत ग्लुकोनिक आम्लही साठते, म्हणून सामू (पीएच) राखण्यासाठी अल्कली घालावी लागते. ऋणाग्रावर (कॅथोडवर) ऑक्सिजनचे क्षपण करूनही, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊनही, पेरॉक्साइड मिळवता येते आणि तेथे विद्युतप्रवाह कमीजास्त करून वेग सांभाळता येतो. या प्रकारांना ‘जागीच निर्मिती’ म्हणावे आणि ‘पुरवठा’ हा शब्द सर्वांना सामावणारा म्हणून राखून ठेवावा. ‘स्वयंपुरवठा’ मात्र टाळावा, कारण ऑक्सिजन बाहेरूनच द्यावा लागतो आणि तो पाण्यात फारच थोडा विरघळत असल्यामुळे पुष्कळदा सगळी गाडी तिथेच अडते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग पेरॉक्साइडच्या अतिरेकाने विकराचे काम थांबते, त्याला ‘अवरोध’ म्हणता येईल का?

पहिले उत्तर देणारे : हीम मोडले असेल तर नाही. अवरोधक काढून टाकल्यावर विकर पूर्ववत होऊ शकते, हा अर्थ ‘अवरोध’ या शब्दात सहसा गृहीत धरला जातो. मोडलेले हीम पेरॉक्साइड धुऊन काढल्याने परत जुळत नाही. म्हणून ‘निष्क्रियीकरण’ हाच शब्द ठेवावा. व्हॅनेडियमयुक्त क्लोरोपेरॉक्सिडेजात हीम नसते आणि ते पेरॉक्साइडला सहजासहजी दाद देत नाही, तेव्हा त्याविषयी लिहिताना ‘पेरॉक्साइडने हीम मोडते’ हे वाक्य सरसकट वापरू नये.