देवाशी स्वतःचं नातं जुळतं म्हणजे नक्की काय होतं?

निबर_गवार:
वय ४७, पोरगी बंगलोरला, नवऱ्याची शिफ्ट, घरात मी आणि टीव्ही. आई फेब्रुवारीत गेली. ती पोथ्याबिथ्या फार वाचायची नाही पण विठ्ठलाशी बोलायची, शेजारणीशी बोलावं तसं, भाजी निवडताना "विठ्ठला, गवार निबर निघाली रे, फसवलं बघ मेल्याने". लहानपणी लाज वाटायची. आता वाटतं, सकाळी उठायचं कशाला हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. मी चतुर्थी करते, गुरुवार करते, आरत्या तोंडपाठ, पण समोर कोणी आहे असं वाटतच नाही. हे नातं जुळतं कसं? आणि जुळलं की कशासाठी जगायचं ते खरंच कळतं का? उपदेश नको, अनुभव सांगा.

आठवी_वारी:
ताई, पहिल्या तीन वाऱ्यांत मला फक्त पायाला फोड आले. चौथीच्या आधी धाकटा भाऊ गेला, मग यवत ते वरवंड मी विठ्ठलाला मनातल्या मनात शिव्या घालत चाललो, आणि त्याच दिवशी पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी ऐकतंय. तुकोबांचं बघा, १६३०च्या दुष्काळात पहिली बायको गेली, पोरगा गेला, धंदा बुडाला. तो माणूस देवाची नुसती स्तुती नाही करत, भांडतो, माझ्यापुरता देव मेला इथपर्यंत बोलून जातो. परक्याशी असं भांडतं का कोणी? तेव्हापासून दिंडीत मी पाण्याच्या टँकरवर असतो. जगण्याचा उद्देश वगैरे मोठा शब्द झाला, पण जूनमध्ये मी कुठे असणार ते मला माहितीये.

नगरचा_पाव:
आम्ही पिढीजात ख्रिस्ती, तरी माझी गत ताईंसारखीच, रविवारी चर्च, गीतं पाठ, आत शुकशुकाट. मला पंडिता रमाबाईंमुळे धीर आला. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३ला झाला, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता मिळाला. एवढी विद्वान बाई! बरं, काम तर आधीच चालू होतं, विधवांसाठीची त्यांची शाळा, शारदा सदन, १८८९ची, म्हणजे आधी देव मग उद्देश असा क्रमही नाही लागत. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी बायका-पोरी आणल्या, त्यांना केडगावात ठेवलं. वारीवाले दादा, तुमच्या यवत-वरवंड वाटेवरच्या चौफुल्यापासून जवळच की ते. मी स्वतः अजून शोधतोच आहे, खोटं कशाला बोलू.

कटिंग_चहा:
देव मला पटत नाही. पण ताई, झोप लागते का नीट? नसेल तर आधी एखाद्या कौन्सेलरला भेटा, त्यात कमीपणा नाही. आणि आईशीच बोला ना थेट, विठ्ठल मध्ये कशाला?

निबर_गवार:
चहावाले, तुमचं शेवटचं वाक्य वाचून रडले. झोपेचं खरंय, बघते. आज मेथी निवडताना तोंडून निघालं, "आई, केवढी माती गं हिला". मग "विठ्ठला" म्हणून पाहिलं, कसंतरीच वाटलं, त्यात नवरा आतून ओरडला कोणाशी बोलतेस म्हणून. वारीवाले दादा, टँकरवर बायका चालतात का हो?