मदत हवी आहे : आंतरक्रिया सार्थक, पण अभ्यासपद्धतीचा मुख्य परिणाम नाही, निष्कर्ष कसा लिहावा?

स्मरणावरील एका प्रयोगाचे प्रसरण विश्लेषण (अनोव्हा, म्हणजे गटांच्या सरासरींतील फरक योगायोगापलीकडचा आहे का हे तपासणारी पद्धत) करताना काही शंका निर्माण झाल्या आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रयोगात दोन घटक आहेत. पहिला अभ्यासपद्धतीचा : 20 प्रयुक्तांनी (प्रयोगात सहभागी व्यक्तींनी) शब्दयादी पुन्हा वाचली, तर दुसऱ्या 20 जणांनी ती न पाहता आठवेल तेवढी लिहून काढली. दुसरा घटक कालांतराचा : पाच मिनिटे आणि एक आठवडा. प्रत्येक प्रयुक्ताची चाचणी दोन्ही कालांतरांना झाली. मात्र पहिली चाचणी हाच दुसरीचा सराव ठरू नये म्हणून 30 शब्दांच्या दोन वेगळ्या याद्या घेतल्या आणि कोणती यादी कोणत्या कालांतराला द्यायची, हे प्रत्येक गटातील निम्म्या प्रयुक्तांसाठी उलटे ठेवले. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 मधील प्रयोगात गद्य उताऱ्यांच्या बाबतीत पाच मिनिटांनंतर पुनर्वाचन सरस, तर आठवड्यानंतर प्रत्यावाहन (न पाहता आठवून लिहिणे) सरस ठरले होते. तेच शब्दयाद्यांवर पडताळायचे होते.

पुनर्वाचन गटाची मध्यमाने (आठवलेल्या शब्दांची सरासरी) पाच मिनिटांनंतर 21.4 व आठवड्यानंतर 10.6 आली; प्रत्यावाहन गटाची अनुक्रमे 19.0 व 14.2. सर्व 80 गुणांक स्वतंत्र मानून द्विघटकी अनोव्हा केल्यास त्रुटीची (घटकांनी स्पष्ट न होणाऱ्या चढउताराची) स्वातंत्र्यमात्रा (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या मूल्यांची संख्या) 76 आणि आंतरक्रियेचा (एका घटकाचा परिणाम दुसऱ्यानुसार बदलण्याचा) एफ (परिणामाचे त्रुटीशी गुणोत्तर) 8.82 येतो, कालांतर हा पुनरावृत्त घटक मानल्यास स्वातंत्र्यमात्रा 38 होते, पण एफ 17.65 पर्यंत वाढतो. स्वातंत्र्यमात्रा निम्मी होऊनही एफ दुप्पट कसा होतो, ही पहिली शंका. दुसरी अशी की दोन्ही विश्लेषणांत पद्धतीचा मुख्य परिणाम (दोन्ही कालांतरे एकत्र धरून दिसणारा) सार्थक, म्हणजे योगायोगापलीकडचा, नाही (दुसऱ्या, मिश्र आराखड्याच्या विश्लेषणात एफ 0.24), तेव्हा ‘अभ्यासपद्धतीने फरक पडत नाही’ असे लिहिणे योग्य ठरेल का? दोन कालांतरांना स्वतंत्र टी चाचण्या (दोन गटांच्या सरासरींची तुलना) केल्या असता पाच मिनिटांना पी (खरा फरक नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची संभाव्यता) 0.10 आणि आठवड्याला 0.016 मिळाला.

प्रतिसाद :

आपला आराखडा मिश्र आहे (पद्धत प्रत्येक गटाला वेगळी, पण कालांतरे प्रत्येकाला दोन्ही), त्यामुळे दुसरे विश्लेषणच ग्राह्य धरावे. मुळात ज्याची स्मरणशक्ती चांगली त्याचे दोन्ही गुणांक वर जातात. 80 गुणांक स्वतंत्र मानले की व्यक्तीव्यक्तींमधला हा फरक सरसकट त्रुटीत मिसळतो. आपल्या आकड्यांवरून मागे हिशेब केला, तर प्रयुक्तांमधील त्रुटीचा माध्य वर्ग (त्रुटीचे सरासरी वर्गरूप माप) सुमारे 30.6 आणि प्रयुक्तांतर्गत त्रुटीचा सुमारे 10.2 येतो, पहिल्या विश्लेषणातील 20.4 ही या दोहोंची सरासरी आहे. म्हणजे तेथे आंतरक्रियेला वाजवीपेक्षा दुप्पट मोठ्या त्रुटीने भागले गेले आणि पद्धतीला वाजवीपेक्षा लहान त्रुटीने. गोलीयतेच्या गृहीतकाची (पुनरावृत्त स्तरांच्या जोड्यांमधील फरकांचे प्रसरण सारखे असण्याची) चिंता नको, कारण पुनरावृत्त घटकाला दोनच स्तर आहेत. दोन याद्या सारख्या कठीण नसतील, तर यादीचा क्रम तिसरा घटक म्हणून घेतल्यास प्रयुक्तांतर्गत त्रुटी आणखी घटेल.

‘फरक पडत नाही’ असे मात्र कदापि लिहू नये. 16.0 आणि 16.6 ही पद्धतींची एकूण मध्यमाने जवळजवळ सारखी दिसतात, कारण एका कालांतराचा फरक दुसऱ्याने खोडून काढला आहे. आंतरक्रिया सार्थक असताना अशा सरासरीवर निष्कर्षाची इमारत उभी राहत नाही. आकडे मांडायचेच तर एका आठवड्यात पुनर्वाचन गटाने 10.8 शब्द गमावले आणि प्रत्यावाहन गटाने 4.8, असे मांडावे. आंतरक्रिया म्हणजे नेमका हाच फरक.

येथे एक सावधगिरी हवी. आलेखात रेषा एकमेकींना छेदतात म्हणून ‘पाच मिनिटांनंतर पुनर्वाचन सरस’ असे लिहिण्याचा मोह होईल, पण 0.10 या पी मूल्यावर तो दावा टिकत नाही. दोन तुलनांसाठी बॉनफेरोनी दुरुस्ती (0.05 ही नेहमीची पातळी तुलनांच्या संख्येने भागणे) लावून 0.025 ही पातळी धरली, तरी आठवड्याचा फरक सार्थक राहतो. तेवढाच ठामपणे सांगावा. शिवाय छेद सिद्ध झालेला नसेल, तर गुणांकांची मोजपट्टी बदलल्यावर आंतरक्रिया नाहीशी होऊ शकते, हे मानसशास्त्रज्ञ लॉफ्टस यांनी 1978 मध्ये दाखवून दिले आहे. म्हणून आठवलेल्या शब्दांच्या प्रमाणाचे लॉजिट रूपांतर (आठवलेल्या व न आठवलेल्या शब्दांच्या गुणोत्तराचा लॉग) करून तेच विश्लेषण पुन्हा करावे. आपल्या मध्यमानांवरून आंतरक्रिया तेथेही टिकेल असे वाटते, तरी ते रूपांतरित गुणांकांवर तपासूनच अहवालात लिहावे.