तातडीचं!! लॉनमध्ये सशाची पिल्लं

धाकटी वहिनी:
मंडळी, लॉन कापताना मशीनपुढे गवताचा पुंजका हलला म्हणून थांबले, तर खाली ओंजळीएवढा खड्डा, आत वाळकं गवत, कापसासारखी लव आणि अंगठ्याएवढी तीन पिल्लं, डोळे मिटलेले. एक बाहेर पडलेलं ते बुटांच्या खोक्यात घेतलंय. आई सकाळपासून फिरकली नाही. ड्रॉपरने दूध पाजू का? खारीच्या वेळी ज्यांनी सांगितलं होतं त्यांनी लगेच कळवा प्लीज.

काका:
दूध अजिबात नको, गाईच्या दुधाने हगवण लागून जातात. आई सोडून गेलेली नाही, दिवसा ती मुद्दाम लांब राहते, पहाटे नि तिन्हीसांजेला येते, पाच मिनिटं पाजते की चालली. पिल्लू परत ठेव.

मोठ्या काकू:
अहो पण हिने हात लावलाय ना, मग आई कशी घेईल?

काका:
घेते. ते पाखरांच्या बाबतीतही खोटंच आहे.

सेक्रेटरी:
मंडळाची ही ईमेल लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे. हॉलबद्दलची चर्चा खाली गेली.

धाकटी वहिनी:
ठेवलं परत. पण आमचा कुत्रा तिथेच हुंगत फिरतोय, त्याचं काय करू?

दादा:
दिवसा जाळीची टोपली उपडी घाला, वर वीट. संध्याकाळी आठवणीने काढा, आम्ही एकदा विसरलो, आई रात्रभर बाहेर. आणि घरट्यावर लोकरीचे धागे फुलीसारखे टाका, सकाळी विस्कटलेले दिसले तर आई येऊन गेली.

काका:
वीट कशाला, घसरली तर? कुत्राच बांधा दोन-तीन आठवडे, तेवढ्यात पिल्लं आपली आपण निघून जातात.

दादा:
काका, वीट टोपलीच्या काठाला टेकवायची, वर नाही. माझंच चुकलं लिहिताना. आमच्याकडे मुलीने टेनिस बॉलएवढं पिल्लू पकडून आणलं होतं, डोळे उघडे, कान उभे, ते स्वतंत्रच होतं बिचारं, नेऊन सोडलं.

मोठ्या काकू:
आमच्या मांजरीने धरलं होतं एक.

काका:
मांजराचा दात लागला तर मात्र जखम दिसो न दिसो, वन्यप्राणी सांभाळायचं लायसन्स असलेल्यांकडे त्याच दिवशी न्यायचं, अँटिबायोटिक लागतं.

धाकटी वहिनी:
सकाळी बघितलं, धागे विस्कटलेत, तिघांची पोटं टम्म!! फोटो जोडलाय.

सेक्रेटरी:
फोटोतली टोपली मंडळाची दिसतेय. शनिवारी हॉलवर आणा.